रेड हाउस ग्लास कोन : विझलेल्या काचभट्टीच्या भेटीचे परीक्षण

इंग्लंडच्या मध्यभागी, बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला, वर्ड्‌स्ली नावाच्या गावात स्टुअरब्रिज कालव्याच्या काठावर विटांचा एक प्रचंड शंकू उभा आहे. त्याची उंची सुमारे १०० फूट असून तळाचा व्यास सुमारे ६० फूट आहे. ‘रेड हाउस ग्लास कोन’ या नावाने ओळखली जाणारी ही वास्तू अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १९३६ पर्यंत काचेचा कारखाना होती, आणि २००२ मध्ये ती संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री किंवा वुल्व्हरहॅम्प्टनच्या परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या सुट्टीच्या बेतांमध्ये किल्ले, बागा आणि उमरावांचे वाडे हमखास असतात. या शंकूचे नाव मात्र क्वचितच ऐकू येते. भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन इथे जावे का, लहान मुलांना इथे करमेल का आणि जाण्यापूर्वी काय ठाऊक असावे, या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी हे परीक्षण लिहिले आहे.

माझे मत आधीच नोंदवतो. ही जागा अवश्य पाहावी. मात्र हा शंकू कशासाठी बांधला गेला आणि तो कसा चालत असे, एवढे तरी समजून घेऊन जावे. तयारीविना गेलेल्या प्रेक्षकाला आत एक उंच, रिकामी, विटांची पोकळी दिसते. तो मान वर करून पाहतो, दोन छायाचित्रे काढतो आणि पंधरा मिनिटांत बाहेर पडतो. यात दोष जागेचा नाही. इथे मांडलेल्या वस्तूंपेक्षा वास्तूच अधिक महत्त्वाची आहे, आणि ती एक प्रकारचे यंत्र असल्यामुळे तिची रचना कळल्याखेरीज ती बोलत नाही.

हा शंकू म्हणजे कारखान्याच्या छपरावर उभारलेले धुराडे आहे, असा बहुतेकांचा पहिला समज होतो. प्रत्यक्षात कारखाना आणि धुराडे येथे एकच आहेत. शंकूच्या मधोमध गोलाकार भट्टी असे आणि तिच्या आत अग्निरोधक मातीच्या मोठमोठ्या मुशी, म्हणजे काच वितळवण्याची भांडी, वर्तुळात मांडलेल्या असत. भट्टी आणि शंकूची भिंत यांच्या मधल्या कंकणाकृती जागेत कारागीर काम करत. भट्टीच्या खाली जमिनीत बोगदे खणलेले होते. त्यांतून बाहेरची थंड हवा थेट निखाऱ्यांच्या जाळीखाली येई, ज्वाला मुशींना वेढून वर निघत, आणि भट्टीतून बाहेर पडलेले तप्त वायू निमुळत्या होत जाणाऱ्या शंकूतून वेगाने वर ओढले जात. दरवाजे लावून घेतले की हवेला बोगद्याखेरीज दुसरी वाट उरत नसे आणि आच वाढे. काच वितळवण्यासाठी तेराशे-चौदाशे अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता लागते. ती दगडी कोळशावर, कोणत्याही यांत्रिक पंख्याविना, केवळ विटांच्या आकाराच्या आणि हवेच्या ओढीच्या बळावर मिळवली जात होती. एवढे एक सूत्र मनात असले म्हणजे आत पाऊल टाकल्यावर आपण नेमके कुठे उभे आहोत हे कळते: धुराड्याच्या आत, आणि त्याच वेळी कारागिरांच्या कामाच्या जागेवर.

म्हणूनच या भेटीतला सर्वांत मोलाचा भाग जमिनीखाली आहे. बोगद्यांचा जो भाग प्रेक्षकांना पाहता येतो, तो घाईत वगळू नये. वरच्या भव्य पोकळीचे छायाचित्र कोणीही काढतो. पण त्या पोकळीला श्वास पुरवणारी वाट खाली आहे, आणि तिथे उभे राहिल्यावर वर ऐकलेली सगळी माहिती एकदम जागेवर बसते. जमीन ओबडधोबड आहे, काही ठिकाणी वाकावे लागते आणि ओल जाणवते. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी ते वर थांबूनच ऐकलेले बरे. काच हळूहळू थंड करण्याचा लांबलचक बोगदाही असाच समजून घेऊन पाहावा. तयार झालेला पेला एकदम थंड हवेत ठेवला तर वरचा थर आधी आकसतो, आतला मागे राहतो आणि त्या ताणाने काच तडकते. म्हणून वस्तू गरम टोकाकडून थंड टोकाकडे तासन्‌तास सरकवत नेत. कारखान्यातले सर्वांत संथ काम हेच, आणि हे चुकले तर आधीचे सारे कौशल्य फुकट जाई.

हा उद्योग इथेच का रुजला, हा प्रश्न संग्रहालयात मनात येतोच, आणि त्याचे उत्तर मोठे रंजक आहे. सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत इंग्लंडमधील काचभट्ट्या लाकडावर चालत आणि जंगलांच्या आश्रयाने फिरत राहत. जहाजबांधणीसाठी लाकूड राखून ठेवण्याच्या हेतूने १६१५ मध्ये राजाज्ञेने काचभट्टीत लाकूड जाळण्यास बंदी करण्यात आली. मग काच कारागिरांना कोळशाच्या खाणींजवळ जाणे भाग पडले. स्टुअरब्रिजच्या परिसरात कोळसा तर होताच, शिवाय त्याच थरांच्या आसपास उत्तम अग्निरोधक माती मिळत होती, आणि मुशी घडवण्यासाठी तिच्या तोडीची माती इतरत्र सहज मिळत नसे. फ्रान्सच्या लॉरेन प्रांतातून आलेली काच कारागिरांची घराणी याच सुमारास इथे स्थायिक झाली. त्यांपैकी टिझॅक घराण्याच्या पॉल टिझॅक यांची नोंद इथल्या चर्चच्या दप्तरात १६१२ इतकी जुनी सापडते. हेन्झी आणि टिटरी ही त्यांच्याबरोबरची आणखी दोन आडनावे. परदेशी आणि परभाषक कारागिरांनी आणलेली विद्या दोन-तीन पिढ्यांत त्या मुलखाची ओळख होऊन बसली.

पुढचा दुवा कालव्याचा. स्टुअरब्रिज कालवा १७७९ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि वाळू, कोळसा व माती आत आणणे आणि नाजूक काचसामान धक्के न लागता बाहेर पाठवणे सोपे झाले. खडबडीत रस्त्यावरून घोडागाडीत काच नेणे किती नुकसानीचे असेल याची कल्पना केली, तर कारखानदारांनी कालव्याच्या काठची जमीन का धरली हे निराळे सांगावे लागत नाही. १७८८ मध्ये रिचर्ड ब्रॅडली यांनी रेड हाउसची जागा घेतली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हा शंकू उभा राहिला. असे शंकू त्या काळी इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये अनेक होते. आज ब्रिटनमध्ये पूर्ण उंचीचे चारच शिल्लक आहेत. उरलेल्या तिघांपैकी कॅटक्लिफचा शंकू १७४० चा, म्हणजे याहून जुना आहे. लेमिंग्टनचा शंकू न्यूकॅसलजवळ आणि अ‍ॅलोआचा स्कॉटलंडमध्ये आहे. मात्र भट्टीभोवतीच्या कामाची साखळी, म्हणजे बोगदे, काच थंड करण्याची जागा, कालवा आणि नावांचा धक्का, हे सगळे एकाच आवारात समजून घ्यायचे असेल तर मी वर्ड्‌स्लीचीच शिफारस करीन.

येथे प्रामुख्याने शिसेयुक्त स्फटिककाच बनत असे, आणि तिची कृती थोडक्यात ठाऊक असावी. तीन भाग स्वच्छ वाळू, दोन भाग शेंदूर म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइड आणि एक भाग पोटॅश, हे तिचे पारंपरिक प्रमाण. शिशामुळे काच जड होते, प्रकाश अधिक वाकवते आणि तुलनेने मऊ असल्याने तिच्यावर चाकाने खोल नक्षी कोरता येते. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी १६७४ मध्ये अशा काचेचे पेटंट मिळवले आणि इंग्लिश काचेला व्हेनिसच्या तोडीचे स्थान मिळू लागले. कोळशाचा धूर मात्र या काचेचा वैरी. धुराने ती काळवंडते, म्हणून तिच्या मुशी उघड्या नसून वरून घुमटासारख्या झाकलेल्या आणि एका बाजूला तोंड ठेवलेल्या असत. ही मूस हाताने, मातीची एकेक वळी चढवत घडवली जाई, महिनोन्‌महिने सावलीत वाळवली जाई, आणि मग वेगळ्या भट्टीत लाल होईपर्यंत तापवून तशीच तप्त अवस्थेत मुख्य भट्टीत बसवली जाई. जुनी फुटकी मूस ओढून काढणे आणि नवी आत ढकलणे हे कारखान्यातले सर्वांत भयंकर काम होते. समोर उघडी भट्टी आणि हातात केवळ लांब लोखंडी सळ्या.

कारागिरांच्या तुकडीला तिथे ‘चेअर’ म्हणत. लांब सपाट हातांच्या बाकावर बसून, त्या हातांवर फुंकनळी गोल फिरवत काचेला अखेरचा आकार देणारा मुख्य कारागीर म्हणजे गॅफर. त्याच्या हाताखाली सर्व्हिटर आणि फुटमेकर. आणि तयार वस्तू काट्यावर उचलून थंड करण्याच्या बोगद्याकडे धावत नेणारा पोरगा म्हणजे टेकर-इन. सहा-सहा तासांच्या पाळ्या असत, कारण मुशीतली काच एकदा तयार झाली की तिला दिवस-रात्र ठाऊक नसते. या कारखान्याची सूत्रे पुढे ज्यांच्या हाती आली ते फ्रेडरिक स्टुअर्ट वयाच्या अकराव्या वर्षी इथेच कामाला लागले होते. संग्रहालये ही गोष्ट सहसा यशोगाथा म्हणून सांगतात, आणि १८८१ मध्ये तोच मुलगा प्रौढपणी रेड हाउसचा भाडेपट्टा घेतो हे ऐकायला छानही वाटते. मला मात्र त्या गोल जागेत उभे राहून अकरा वर्षांचा मुलगा, सहा तासांची रात्रपाळी आणि हातभर अंतरावरची भट्टी यांचे गणित जुळवताना यशोगाथेपेक्षा उरलेल्या पोरांचाच विचार अधिक आला. त्यांच्यातले सगळे काही मालक झाले नाहीत. १८५८ च्या अखेरीस याच परिसरातून काच कामगारांचा मोठा संप आणि त्याला उत्तर म्हणून मालकांची टाळेबंदी सुरू झाली आणि ती पुढच्या वर्षापर्यंत चालली, हेही इथल्या इतिहासाचे अंग आहे. वास्तूबद्दल वाचून जाल तेव्हा याबद्दलही वाचून जावे.

कराची कथा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १७४५ पासून इंग्लंडमध्ये काचेवर वजनाप्रमाणे अबकारी कर होता आणि तो वसूल करण्यासाठी सरकारी अधिकारी कारखान्यातच ठाण मांडून बसत. मूस कधी भरली, काच किती निघाली, थंड होऊन बाहेर काय आले, यावर त्यांची नजर असे. नवा प्रयोग करायचा तर आधी त्यांना कळवायचे, ही त्या काळातल्या कारखानदारांची कायमची तक्रार होती. १८४५ मध्ये हा कर उठला आणि अवघ्या सहा वर्षांत लंडनच्या भव्य प्रदर्शनासाठी सबंध इमारतच काचेची, म्हणजे क्रिस्टल पॅलेस, उभी राहिली. रंगीत, कोरीव आणि थरांच्या काचेचे जे वैभव आज स्टुअरब्रिजच्या नावावर सांगितले जाते, त्यातले बरेचसे कर उठल्यानंतरचे आहे.

त्या वैभवाचे शिखर रेड हाउसशी थेट जोडलेले आहे. ब्रिटिश संग्रहालयातील ‘पोर्टलंड व्हेस’ हा प्राचीन रोमन काचकलश गर्द निळ्या काचेवर पांढऱ्या काचेचा थर चढवून आणि तो थर कोरून आकृती उमटवून घडवलेला आहे. १८४५ मध्येच एका प्रेक्षकाने तो फोडला, तुकडे जोडून तो पुन्हा उभा केला गेला, आणि ‘असा कलश आज कोणाला करता येईल का’ हा प्रश्न काचव्यवसायात आव्हान होऊन बसला. रेड हाउस त्या काळी फिलिप पार्जिटर यांच्याकडे होते. निळ्यावर पांढरा असा दुपदरी कोरा कलश त्यांच्या कारागिरांनी याच शंकूत फुंकला, आणि जॉन नॉर्थवुड यांनी तो कोरायला घेतला. दोन वेगळ्या काचा एकावर एक चढवताना त्यांचे आकसण्याचे प्रमाण जुळले नाही तर थंड होताना कलश आपोआप फुटतो. त्यामुळे कोरणाऱ्याच्या कामगिरीइतकीच फुंकणाऱ्यांची कामगिरीही मोठी होती. नॉर्थवुड यांनी सुमारे तीन वर्षे छोट्या पोलादी हत्यारांनी पांढरा थर खरवडला. काम पूर्णत्वास येत असताना कलशाला तडा गेला. तो जोडून १८७६ मध्ये त्यांनी काम पूर्ण केले. ज्या गोल जमिनीवर आपण उभे असतो तिथेच तो कोरा कलश फुंकला गेला, हे कळल्यावर रिकामी पोकळी रिकामी राहत नाही. माझ्या लेखी या भेटीचे सार्थक करणारी एकच कथा निवडायची झाली तर ती हीच. आता तो कलश अमेरिकेत कॉर्निंग येथील काच संग्रहालयात आहे.

स्टुअर्ट घराण्याने पुढे अर्धशतकाहून अधिक काळ इथे काम चालवले आणि १९३० च्या दशकात रस्त्यापलीकडच्या ‘व्हाइट हाउस’ जागेत अधिक आधुनिक कारखान्यात मुक्काम हलवला. १९३६ मध्ये शंकूतली भट्टी कायमची विझली. स्टुअर्ट क्रिस्टल हे नाव त्यानंतरही ब्रिटिश लग्नसमारंभांच्या भेटवस्तूंमध्ये मानाचे राहिले. १९९५ मध्ये कंपनी वॉटरफर्ड वेजवुड समूहाकडे गेली आणि २००१ मध्ये वर्ड्‌स्लीचा कारखाना बंद झाला. म्हणजे शंकू बंद पडला तो उद्योग बुडाला म्हणून नव्हे. उद्योग रस्ता ओलांडून गेला आणि तिथे पासष्ट वर्षांनी बंद पडला. परिसरात हिंडताना हा क्रम लक्षात ठेवावा, नाही तर दोन्ही बाजूंच्या इमारतींचा गोंधळ होतो.

त्या पलीकडच्या बाजूला आता स्टुअरब्रिज काच संग्रहालय आहे. किंग्जविनफर्ड येथील ब्रॉडफील्ड हाउसमधले जुने संग्रहालय २०१५ मध्ये बंद झाल्यावर तिथला संग्रह इथे आला आणि २०२२ मध्ये हे नवे दालन उघडले. ज्यांना काचेच्या वस्तू पाहायच्या आहेत, म्हणजे थर कोरलेले कलश, रंगांच्या छटा आणि चाकाने कापलेली नक्षी, त्यांचे समाधान शंकूत होणार नाही. त्यांनी इथे वेळ द्यावा. इथे तापलेली काच प्रत्यक्ष फुंकताना पाहण्याचीही सोय आहे, आणि मुलांना नेमके तेच आवडते. दोन्ही जागा एकाच दिवशी पाहाव्यात, पण आधी शंकू आणि मग संग्रहालय या क्रमाने, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. उलट क्रमाने गेले तर झगमगत्या वस्तू पाहून झाल्यावर विटांची भिंत फिकी वाटते. शंकू आधी पाहिला तर प्रत्येक पेल्यामागची भट्टी डोळ्यांसमोर राहते.

अलीकडे पडीक कारखान्यांत चोरवाटेने शिरून छायाचित्रे काढण्याची आवड वाढली आहे, आणि तशी जागा याच भागात आहे. स्मेदिक येथील चान्स ब्रदर्सचा कारखाना १८२४ मध्ये सुरू झाला. १८५१ च्या प्रदर्शनातील क्रिस्टल पॅलेससाठी लागणारी काच त्याने पुरवली, पुढे दीपगृहांची भिंगे बनवून जगभर पाठवली आणि १९८१ मध्ये तो बंद झाला. कालव्याच्या काठाने चालताना त्याच्या खचलेल्या इमारती आजही दिसतात. व्याप्तीच्या दृष्टीने हा कारखाना रेड हाउसपेक्षा कितीतरी मोठा, आणि त्याचा इतिहासही अधिक दूरवर पसरलेला. तरीही आत शिरण्याचा मोह टाळावा, कारण छप्पर आणि मजले भरवशाचे नाहीत. आणि दुसरे म्हणजे आत शिरून हाती काही लागत नाही. गंजलेले खांब आणि तुटलेल्या खिडक्या सगळ्याच बंद कारखान्यांत सारख्याच दिसतात. तिथे काच होत होती की साबण, हे त्या छायाचित्रांवरून सांगता येत नाही. काठावरून चान्सच्या इमारती पाहाव्यात आणि काच कशी होत असे हे समजून घ्यायला वर्ड्‌स्लीला यावे.

मराठी वाचकाला इथे तळेगाव आणि ओगलेवाडी आठवल्याशिवाय राहत नाही. एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा तळेगाव दाभाडे येथील काच कारखाना १९०८ मधला. तिथे शिकलेले कारागीर पुढे देशातल्या अनेक काच कारखान्यांत गेले. औंध संस्थानाच्या आश्रयाने कराडजवळ १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कारखाना काढला आणि त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत, गोठ्यांत आणि रेल्वे फलाटांवर पोहोचला. रेड हाउस आणि या कारखान्यांचे स्वरूप मुळातच वेगळे: इथे श्रीमंतांच्या मेजावरचे कोरीव पेले, तिथे शेतकऱ्याच्या हातातल्या कंदिलाची काच. पण मुशीतली काच, फुंकनळी आणि हळूहळू थंड करण्याची शिस्त हे तिन्ही ठिकाणी सारखेच. आजी-आजोबांना सोबत घेऊन गेलात तर बोगद्यापेक्षा कंदिलाच्या काचा पुसण्याच्या आठवणींतच अधिक वेळ जाण्याचा संभव आहे, आणि त्यासाठी वेळ राखून ठेवावा.

जाण्याच्या दृष्टीने काही गोष्टी. बर्मिंगहॅमहून स्टुअरब्रिज जंक्शनपर्यंत रेल्वे आहे, आणि तिथून स्टुअरब्रिज टाउनपर्यंत मैलभरही लांबी नसलेल्या फाट्यावर एक इवलीशी गाडी जा-ये करते. मुलांना ती शंकूइतकीच आवडते. गावातून वर्ड्‌स्लीला बस मिळते, पण हवा चांगली असेल तर कालव्याच्या काठाने चालत जावे. काही अंतर सपाट गेल्यावर लॉकची, म्हणजे पाण्याची पातळी बदलून नावा वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या कप्प्यांची, चढती रांग लागते आणि झाडांच्या वर शंकूचे टोक दिसू लागते. मोटारीने थेट दारात उतरणाऱ्यांना हे दृश्य मिळत नाही आणि कारखाना कालव्याला का चिकटून आहे हेही उमगत नाही. दोन्ही ठिकाणच्या उघडण्याच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, तसेच काच फुंकण्याचे प्रात्यक्षिक दररोज असेलच असे नाही. निघण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. थंडीच्या दिवसांत शंकूच्या आत बाहेरच्याइतकेच गारठते. एके काळी जिथे कारागीर उघड्या अंगाने घाम गाळत, तिथे आज जाड कोट चढवूनच उभे राहावे लागते. सात-आठ वर्षांखालील मुलांना शंकूत फार वेळ रमवणे अवघड आहे. त्यांच्यासाठी अर्धा तास पुरे, बाकीचा वेळ पलीकडच्या प्रात्यक्षिकाला द्यावा. शाळेत उष्णतेचे अभिसरण शिकत असलेल्या मुलांना मात्र शंकूतच थांबवून बोगदा, भट्टी आणि वरचे तोंड यांचे चित्र कागदावर काढायला लावावे. त्यात त्यांचा तास सहज जातो.

खरेदीबद्दल. या भागातील जुन्या वस्तूंच्या दुकानांत आणि आठवडी बाजारांत स्टुअर्टचे पेले व फुलदाण्या अजून बऱ्यापैकी मिळतात आणि नव्या कट ग्लासच्या मानाने स्वस्त पडतात. तळाशी अम्लाने उमटवलेली ‘स्टुअर्ट’ ही पुसट खूण दिव्यासमोर तिरकी धरून शोधावी. ही खूण साधारण १९२० च्या दशकापासून केली जाऊ लागली, त्यामुळे ती नसलेली वस्तू खोटीच असे नाही, जुनी असू शकते. काठावर नखाने हलकेच टिचकी मारली तर शिसेयुक्त काच दीर्घ नाद देते. बद्द आवाज आला तर कुठे तरी केसाएवढा तडा असण्याचा संशय धरावा. कोरीव नक्षीच्या कडा बोटाला धारदार लागल्या तर काम चाकाचे आहे, आणि गुळगुळीत व बोथट लागल्या तर बहुधा साच्यात दाबलेली काच आहे, तिला तेवढी किंमत देऊ नये. आणि घरी आणल्यावर एक पथ्य: या काचेत शिसे असल्याने तिच्यात आंबट पदार्थ फार वेळ ठेवू नयेत. सरबत ओतून लगेच पिण्यास हरकत नाही, पण कोरीव झाकणाची बरणी कितीही सुरेख दिसली तरी तिच्यात लिंबाचे लोणचे मुरत घालू नये.